चार भरलेली कार्ट्रिज

सासूबाईंची उजवी बाजू गेल्याचा फोन आला तेव्हा आमची ही टेबलाशी बसून माझं कार्ट्रिज भरत होती. तिनं मान वाकडी करून फोन खांद्यात धरला, सगळं ऐकून घेतलं, "येते" म्हणाली आणि हातातलं काम पुरं केलं. कार्ट्रिज म्हणजे करंगळीएवढं प्लॅस्टिकचं नळकांडं. त्यात इन्सुलिन भरायचं, ते माझ्या कमरेच्या पंपात बसवायचं, मग पंप एका बारीक नळीतून ते दिवसभर थेंबाथेंबानं माझ्या पोटात सोडत राहतो. दर तीन दिवसांनी नवं कार्ट्रिज, नवी नळी, पोटावर नवी जागा. उरलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं, पुढच्यात ओतायचं नाही.

बस सुटायला सव्वा तास होता. त्यातल्या पंधरा मिनिटांत तिनं स्वतःची बॅग भरली आणि उरलेल्या वेळात माझी आणखी चार कार्ट्रिज. ती जुन्या साबणदाणीत एका ओळीत निजवली, साबणदाणी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवली आणि मला म्हणाली, "तीन दिवसांनी एक. नुसतं आत सरकवायचं, नळी जोडायची, एवढं तुम्हाला जमेल. पंधरा दिवसांत मी येतेच."

असं आधी भरून ठेवायचं नसतं. मधुमेहाच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की भरायचं आणि लगेच लावायचं. प्लॅस्टिकमध्ये पडून इन्सुलिनचा जोर किती टिकेल याचा भरवसा नाही, शिवाय त्यात हवा सुटते. हे वाक्य हिच्या वहीत आहे, खाली दोन रेघा मारलेल्या आहेत. तेव्हा चूक अजाणता झाली असं म्हणायला आम्हा दोघांनाही तोंड नाही. मला एकट्याला बाटली आणि सिरिंज देऊन जाण्यापेक्षा नियम मोडलेला बरा, असं तिला वाटलं असणार. मीही गप्प बसलो, कारण मला आयतं मिळत होतं.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं आणि आपण शेजारी, आपल्या पायाखालच्या वेगळ्या ब्रेकवर बूट टेकवून, चेहरा शांत ठेवून बसायचं हा माझा धंदा. घाबरट माणसांना स्वतःच्या हातानं गाडी चालवायला लावण्यात माझं नाव आहे. आणि घरी मला माझं स्वतःचं औषध भरता येत नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ना, तो मीच.

त्याचं झालं असं की नऊ वर्षांपूर्वी पंप आला तेव्हा माझा त्याच्यावर राग होता. पन्नाशी जवळ आलेल्या माणसानं कमरेला यंत्र बांधून हिंडायचं म्हणजे काय. नर्सबाई शिकवत होत्या, मी हाताची घडी घालून छताकडे बघत होतो आणि ही वही उघडून बसली होती. त्या दिवसापासून भरणं तिचं आणि पोट माझं.

दर तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या ती बाटली फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवायची, उन्हापासून लांब. थंड इन्सुलिन भरलं की ते पुढे गरम होताना बुडबुडे सुटतात म्हणून. नाश्ता होईतो बाटली खोलीइतकी ऊबदार झालेली असायची. मग साबणानं हात, टेबलावर धुतलेलं फडकं, बाटलीच्या रबराला स्पिरिटचा बोळा. तो सुकेपर्यंत ती फुंकर मारायची नाही आणि मलाही मारू द्यायची नाही. सिरिंजमध्ये आधी हवा, ती बाटलीत सोडायची, बाटली उलटी करायची आणि दट्ट्या इतका सावकाश ओढायचा की मी समोर बसून जांभई द्यावी. कार्ट्रिज भरलं की ती ते खिडकीच्या उजेडात धरायची, एक डोळा मिटायची आणि नखानं टकटक करायची. बुडबुड्यांशी ती बोलायचीही. "चला, वर या. इथे फुकट राहायला मिळणार नाही." एक बारका तळाशी चिकटून बसला की म्हणायची, "हा तुमच्यावर गेलाय. हलत म्हणून नाही." सगळे वर आले की त्यांना बाहेर ढकलायची. मग माझ्याकडे वळायची. नळीत इन्सुलिन भरण्याआधी जुनी नळी माझ्या पोटावरून सुटली आहे ना, हे ती बोटानं चाचपून बघायची. नऊ वर्षांत एकदाही तिनं नुसतं मला विचारून विश्वास ठेवला नाही. जोडलेली असताना नळी भरली तर सगळा लोंढा माझ्या अंगात जाईल आणि साखर पाताळात, एवढं मलाही माहीत होतं. तरी ती चाचपायची. तिची बोटं गार असायची. मी कुरकुरायचो.

ती गेल्यावर मला सगळ्यात जास्त त्या गार बोटांची आठवण आली. हे मी कुणाला सांगितलं नाही, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तर मुळीच नाही.

पहिलं कार्ट्रिज मी नियमानं तीन दिवसांनी बदललं. दुसरं लावताना साबणदाणीत दोनच राहिलेली दिसली. त्याच दिवशी फोनवर ती म्हणाली होती की आईला बोलता येतंय, पण ती मला ओळखत नाही, नर्स समजते. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतील. माणूस ठेवायला बघतेय, पण आई परक्याला हात लावू देत नाही. म्हणजे पंधरा दिवसांचं काही खरं नव्हतं. तिनं परत यायचं तर सासूबाईंनी एक तर बरं व्हायला हवं, नाहीतर दुसरं. दुसऱ्या शक्यतेचा विचार माझ्या मनात आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आला. दोनदा आला. सासूबाईंनी मला आयुष्यभर जावई कमी आणि भाडेकरू जास्त मानलं, पण त्यांचं वाईट मी कधी चिंतलं नव्हतं, आणि आता बायको घरी यावी म्हणून चिंतत होतो.

मग मी कार्ट्रिज पुरवून वापरायला लागलो.

मला स्वतः भरायचं नव्हतं म्हणून असं कुणाला वाटेल. तेही होतंच, पण खरं कारण ते नव्हतं. ही चार तिच्या हातची होती. कपाटात तिनं घडी घातलेले टॉवेल होते, तिची ती तीन पदरी घडी. ती मोडवेना म्हणून मी एकच टॉवेल धुऊन धुऊन वापरत होतो. कार्ट्रिजचंही तेच. कपाटात टॉवेल आणि फ्रिजमध्ये कार्ट्रिज आहेत तोवर ती आत्ताच बाहेर गेली आहे असं वाटायचं. दुसरं चार दिवस चालवलं. तिसरं सहा. कार्ट्रिज काठोकाठ भरलेलं असलं की तेवढं पुरतं, आणि जेवण कमी केलं तर इन्सुलिनही कमी लागतं. मी कमी जेवत गेलो. पोटावरची जागा लाल होऊन दुखायला लागली, तेव्हा शर्ट सैल घातला. साखर वाढलेली दिसायची आणि मी मीटर उपडं ठेवायचो.

"बदललंत का आज?" ती फोनवर विचारायची.

"आत्ताच."

"बुडबुडे बघितलेत?"

"एकही नाही. तू भरलेलं, बुडबुड्याची काय बिशाद."

ती हसायची. मागून सासूबाई कुणाला तरी हाका मारत असायच्या. मग ती म्हणायची, "ठेवते," आणि ठेवायची.

ती गेल्याच्या विसाव्या दिवशी माझ्या पोटावर चौथं आणि शेवटचं कार्ट्रिज होतं, चौथा दिवस चालू. दुपारचा धडा फुलवाल्या बाईंचा होता. या बाईंचं चौकात फुलांचं दुकान आहे. वय बावन्न, गाडी शिकायला आल्या तेव्हा गिअरला हात लावतानाही आधी त्याची परवानगी घ्यायच्या. मला सकाळपासून तहान लागत होती. पाण्याची बाटली दोनदा भरून झाली होती. डोकं जड, आणि समोरचा रस्ता काचेपलीकडे नसून कुठल्याशा लांबच्या गावात आहे असं वाटत होतं. खरं तर गाडीत बसण्याआधी साखर बघायची हा माझा ठरलेला नियम. त्या दिवशी बघितली नाही, कारण आकडा काय असेल ते मला ठाऊक होतं.

शाळेच्या वळणावर एक सायकलवाली उजवीकडून आली. मी ती बघितली. बघितली हे नक्की, पण माझ्या पायानं ब्रेक दाबला नाही. गाडी झटक्यात थांबली, आम्ही दोघंही पुढे हिसकलो, सायकलवाली रागानं बघून निघून गेली.

फुलवाल्या बाईंनी हँडब्रेक ओढला, गिअर मोकळा केला, मी शिकवलं होतं अगदी त्याच क्रमानं. मग माझ्याकडे वळल्या.

"मास्तर, हा ब्रेक मी मारला."

"छान मारलात."

"तुम्ही नाही मारलात."

मी पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"माझे वडील असेच दिसायचे साखर वाढली की," त्या म्हणाल्या. "गाडी इथेच राहू दे. स्कूलला फोन करा, किल्ली मी दुकानात ठेवते. मी चालत सोडते तुम्हाला." आणि घराच्या दारापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या. वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. दारात एवढंच म्हणाल्या, "ती मुलगी आठवीतली असेल."

घरात आलो, मीटर काढलं. तीनशे अठ्ठ्याऐंशी. पंप उघडून कार्ट्रिज उजेडात धरलं तर आत मिऱ्याएवढा बुडबुडा, मागे दोन बारके. पंप इमानानं ढकलत होता, आणि गेले कित्येक तास माझ्या पोटात हवा जात होती, जे इन्सुलिन जात होतं त्याचाही जोर सरला होता.

मी खुर्चीत बसलो आणि फोन हातात घेतला. मला काय करायचं आहे ते मला स्वच्छ दिसत होतं. तीनशे अठ्ठ्याऐंशी हा आकडा नुसता उच्चारायचा. ती संध्याकाळची बस पकडेल, सकाळी दारात असेल. खोटं बोलायची गरज नाही, आजारीही मी खराच. वीस दिवसांत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं, आणि एक पोरगी आत्ताच माझ्या गाडीखाली येता येता वाचली होती.

तिनं फोन उचलला. मी आकडा सांगितला.

पलीकडून तिचा तो वहीतून वाचल्यासारखा आवाज आला. "उलटी? पोटात दुखतंय?"

"नाही."

"कपाटाच्या दाराला आतून डॉक्टरांचा कागद चिकटवलाय. पंप बंद पडला तर सुईनं किती, ते त्यावर आहे. फ्रिजमधून नवी बाटली काढा, साधी सिरिंज घ्या. मला वाचून दाखवा, मग टोचा. पोटावरचं सगळं काढून टाका आधी."

मी वाचून दाखवलं, टोचून घेतलं. लघवीतलं कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की अंगात तयार होणारं आम्ल, दाखवणारी पट्टी बघितली, किंचित रंग होता. तिनं मला नर्सबाईंना फोन करायला लावला आणि पुन्हा तिला लावायला सांगितलं. नर्सबाई म्हणाल्या की पाणी पीत राहा, दोन तासांनी साखर आणि पट्टी परत बघा, उतरली नाही किंवा उलटी झाली तर थेट दवाखाना, एकट्यानं यायचं नाही. वर माझा जो काही उद्धार केला तो इथे लिहीत नाही.

"आता कार्ट्रिज," ही म्हणाली. "बाटली टेबलावर ठेवा."

"भरतो लगेच."

"थंड आहे ती. तापायला वेळ द्या."

"गरम पाण्यात धरू का?"

"नाही धरायची. वाट बघा."

आम्ही वाट बघत बसलो. मी इकडे टेबलाशी, ती तिकडे कुठल्या तरी स्टुलावर. बाटलीवर दव आलं होतं. मग मी सांगून टाकलं, चार दिवस, सहा दिवस, लाल जागा, सायकलवाली, सगळं.

"का पण?" ती म्हणाली. "असं का केलंत?"

"तू भरलेली होती."

तिकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "भरून ठेवायचं नसतं हे मला माहीत होतं. आणि शिकवायचं तर नऊ वर्षांत कधीही शिकवता आलं असतं तुम्हाला. तुम्ही दोनदा म्हणालातही, दाखव म्हणून. मी म्हटलं, तुमच्या हाताला थरथर आहे."

"नाहीये का?"

"कुठली थरथर? सव्वीस वर्षं गाडी शिकवताय."

"मग?"

"तुमचा पहिला धडा सहाला, शेवटचा रात्री आठला. घरी आलात की पेपर, नाहीतर झोप. दर तिसऱ्या दिवशी अर्धा तास तेवढे तुम्ही माझ्यासमोर बसायचात. उठायची सोय नव्हती तुम्हाला. शिकलात की बसला असतात का?"

बसलो नसतो. उभ्या उभ्या न्हाणीघरात भरून सहाच्या धड्याला पळालो असतो. मी जांभया देत होतो त्या अर्ध्या तासासाठी ती सकाळी लवकर उठून बाटली बाहेर काढत होती, आणि मला ते वीस दिवस उपाशी राहिल्यावर कळत होतं.

"बाटलीला हात लावून बघा," ती म्हणाली.

"गार नाही आता."

"मग हात धुऊन या."

तिनं मला शिकवलं. मी घाबरट लोकांना शिकवतो तसंच, एका वेळी एक गोष्ट, ती झाल्याशिवाय पुढची नाही. बोळा फिरवा. सुकू द्या. हवा ओढा, बाटलीत सोडा. उलटी करा. आता हळू. अजून हळू. क्लच सोडताय असं समजा, ती म्हणाली, आणि मला हसू आलं आणि दट्ट्या हलला. कार्ट्रिज भरून उजेडात धरलं. पाच बुडबुडे होते. नखानं टकटक केली, चार वर आले, पाचवा हलेना.

"हलत नाही एक."

"माझ्यावर गेलाय असं समजा," ती म्हणाली. "मीही इथून हलत नाहीये."

तो आला शेवटी. बाहेर ढकलला. पंपात बसवलं, नळी जोडली.

"नळी पोटाला लावलेली नाही ना?"

"नाही."

"चाचपून बघा."

मी माझ्याच पोटावर बोटं फिरवली. तिथे काही नव्हतं. मग नळी भरली, टोकाला थेंब आला, दुसरा आला, तिसरा आला. डाव्या बाजूला, लाल जागेपासून लांब, नवी सुई बसवली.

"आत्ता सुईनं घेतलंय, पंपाकडून लगेच वर आणखी घेऊ नका. दोन तासांनी मला आकडा सांगा." मग तिचा आवाज बदलला. "येऊ का मी? संध्याकाळची बस आहे. शेजारच्या काकू दोन दिवस बघतील आईकडे. खरं सांगा."

मागून सासूबाई हाक मारत होत्या. नर्स, नर्स, म्हणत होत्या. बसची वेळ मलाही पाठ होती. ये, हा शब्द माझ्या तोंडात तयार होता, आणि तो मी बाहेर काढला असता तर मला कुणीही नावं ठेवली नसती.

"नको," मी म्हणालो. "आता येतं मला."

"बरं," ती म्हणाली. तिला ते आवडलं की लागलं, मला कळलं नाही.

दोन तासांनी आकडा दोनशे चाळीसवर आला, पट्टी कोरी निघाली. रात्री एकशे साठ. मी सगळे आकडे कळवले. दुसऱ्या दिवशी स्कूलमध्ये जाऊन जे घडलं ते मालकाला सांगितलं आणि सकाळचा सहाचा धडा सोडला. आठला येतो म्हणालो. मालक म्हणाला, "मास्तर, म्हातारे झालात." मी म्हटलं, "उशिरा झालो."

तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या बाटली टेबलावर काढून ठेवली आणि तिला फोन लावला.

"काय झालं?" ती दचकून म्हणाली.

"काही नाही. भरायचंय."

"येतं की तुम्हाला आता."

"येतं."

"अडलंय का काही?"

"नाही. बाटली थंड आहे अजून."

तिला समजायला क्षणभर लागला. मग फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. ती सासूबाईंची कूस बदलत होती, चादर ओढत होती, दम लागल्यासारखी थांबत होती. मी इकडे फडकं पसरलं, बोळ्याचं पाकीट फोडलं. आम्ही फारसं बोललो नाही. बोलायला तसं काही नव्हतंही.

"कोण बोलतंय गं?" सासूबाईंचा अडखळता आवाज आला.

"आमचे हे आहेत, आई."

"काय हवंय त्याला?"

"काही नाही," ती म्हणाली. "बसलेत."